बक्कल आधी उलटं करून बघा : शेतात सापडलेल्या जुन्या बुटांच्या बकलांचा काळ कसा ठरवायचा

इंग्लंडातल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन चार-सहा शनिवार घालवले की काही वस्तू हमखास हाती लागतात: बंदुकीची शिशाची गोळी, गुळगुळीत झालेलं तांब्याचं नाणं, कोटाची गुंडी आणि बुटाच्या बकलाचा तुकडा. पहिल्या तिघांकडे लोक दोन मिनिटं तरी बघतात. बक्कल मात्र 'कसलासा पितळी तुकडा' म्हणून भंगाराच्या पिशवीत जातं. पुसलेल्या नाण्यापेक्षा किंवा गोळीपेक्षा त्याचा काळ पुष्कळ नेमका सांगता येतो. बुटाला बक्कल लावायची टूम इंग्लंडात 1660 च्या सुमारास आली आणि 1790 च्या दशकात ओसरली. म्हणजे सगळा मामला साधारण 130 वर्षांचा, आणि तेवढ्यात बकलाचा आकार, वाक आणि आतली यंत्रणा अनेकदा बदलली.

आपल्याकडे बक्कल म्हटलं की शाळेचा पट्टा किंवा हवालदाराचा बक्कल नंबर आठवतो. त्या बकलाला एक काटा असतो आणि ते पट्ट्यालाच कायमचं शिवलेलं असतं. इथे ज्या बकलांबद्दल लिहिलंय ती वेगळी. ती बुटाला शिवलेली नसत. बूट फाटला की बकलं काढून नव्या बुटाला लावत, मुलाला वारशात देत. म्हणूनच त्यांना मागे एक सुटी, फिरणारी पकड लागे, आणि काळ ओळखायला हीच पकड सर्वांत उपयोगाची. पुढची नक्षी पन्नास वर्षांनी फिरून परत येते. बक्कल बुटाला अडकवण्याची युक्ती अशी मागेपुढे होत नाही.

हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि या छंदात नव्याने पडलेल्या मराठी माणसांसाठी आहे. सुट्टीत गावी आल्यावर इथे डिटेक्टर चालवायचा बेत असेल, तर तो आत्ताच सोडून द्या. भारतात 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते, आणि संरक्षित गडकिल्ल्यांवर परवानगीशिवाय खणणं हा 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे.

जमिनीत हात घालण्याआधी

इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतमालकाची परवानगी हवीच, आणि ती लेखी घ्या. सापडलेल्या वस्तूत कोणाचा किती वाटा हेही त्याच कागदावर लिहून टाका. चांदी निघाल्यावर हा विषय काढणं अवघड जातं. सरकारी यादीत संरक्षित असलेल्या पुरातत्त्वीय जागेवर डिटेक्टर चालवणं 1979 च्या कायद्याने बंद आहे, मग मालकाने कितीही हो म्हटलं तरी. लंडनला थेम्सच्या किनाऱ्यावर नदीच्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये पुरातत्त्वीय मोलाची प्रत्येक वस्तू कळवावी लागते, चांदी असो वा पितळ. उत्तर आयर्लंडमध्ये पुराणवस्तू शोधायला परवान्याशिवाय खणणंच बेकायदा आहे.

कायद्याची एक बाब बकलांशी थेट जोडलेली आहे. 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे 300 वर्षांहून जुनी आणि वजनाने किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू 'ट्रेझर' ठरू शकते. अशी वस्तू सापडल्यापासून, किंवा ती तशी असावी हे लक्षात आल्यापासून, 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्यायाधिकाऱ्याला, कळवायची असते. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांदीचं 1690 च्या सुमाराचं छोटं बक्कल या कायद्यात बसतं. 1780 चं मोठं, दुप्पट वजनाचं बक्कल बसत नाही. तेव्हा काळ ठरवणं ही निव्वळ हौस राहत नाही. व्यवहारात कळवायचं ते आपल्या जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरमार्फत. हे अधिकारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे, म्हणजे सामान्य लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचे. ही योजना 1997 पासून चालू आहे आणि तिचा कारभार ब्रिटिश म्युझियममधून चालतो.

बकलाचे चार भाग

पहिला भाग चौकट. दिसते ती हीच, आणि शेतात सापडते तीही बहुतेक वेळा हीच.

दुसरा भाग आस, म्हणजे चौकटीच्या मधून आडवी जाणारी बारीक सळई. चौकटीच्या दोन बाजूंना समोरासमोर भोकं पाडून ती बसवत. बहुधा लोखंडाची, म्हणून बहुधा गंजून गेलेली.

तिसरा भाग चेप. हा इंग्रजी कारागिरांचाच शब्द, तो तसाच ठेवू. आसेवर फिरणारी ही पकड बुटाच्या एका पट्ट्यात अडके. चौथा भाग काटा. तोही त्याच आसेवर फिरे आणि दुसऱ्या पट्ट्यात रुते. बुटाला घोट्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक पट्टा येई, ते पायाच्या वरच्या अंगाला एकमेकांवर येत, आणि दोघांना बक्कल धरून ठेवी.

चेप करणं हा वेगळाच धंदा होता. वुल्व्हरहॅम्प्टन आणि आसपास चेप घडणारे कारागीर होते, चौकटी ओतणारे निराळे. त्यामुळे चांदीच्या चौकटीतही पोलादी चेप असते, आणि चेपवर उठवलेलं नाव किंवा आद्याक्षरं चौकटीच्या सोनाराची असतीलच असं नाही. नवशिक्यांची इथे फार गफलत होते.

खणताना

लोखंडी चेप अजून आत असेल तर सिग्नल फुटका येतो. एका दिशेने कॉइल, म्हणजे डिटेक्टरची खालची तबकडी, फिरवलं की स्वच्छ सूर, काटकोनात फिरवलं की लोखंडाची घरघर. डिटेक्टरवरची लोखंड वगळण्याची पातळी फार वर ठेवलीत तर अशी संपूर्ण बकलं तुमच्या पायाखालून सुटतात, आणि हाती येतात ते फक्त चेप नसलेले तुकडे. पातळी खाली आणा. घरघर जास्त ऐकावी लागेल, त्याला इलाज नाही.

फावडं सिग्नलच्या मध्यापासून वीतभर लांब मारा. ढेकूळ उलटं काढून पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, शोधा. वस्तू दिसली की ओढू नका. गंजलेली चेप मातीला धरून बसलेली असते आणि ओढली की तिथेच राहते. मातीसकट उचला, डबीत ठेवा, घरी सावकाश सोडवा. त्याच खड्ड्यात पुन्हा एकदा पिनपॉइंटर घाला: तुटलेला दुसरा अर्धा भाग, काट्याचा दात, कधी काचेचा खडा तिथेच असतो.

जागा लगेच लिहा. ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशाजाळीचा 8 अंकी संदर्भ 10 मीटरपर्यंत जागा सांगतो, 10 अंकी 1 मीटरपर्यंत. फोनवर दहा अंकी सहज मिळतो, तोच घ्या. मात्र एखादं बक्कल सापडलं म्हणजे तिथे घर होतं असा निष्कर्ष काढू नका. शहरातला मैला आणि कचरा खत म्हणून शेतात टाकत, आणि त्यातून असल्या बारीकसारीक वस्तू मैलोगणती फिरल्या.

हे बुटाचंच आहे का?

हा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. चार गोष्टी बघायच्या.

आसेची भोकं कुठे आहेत? बुटाच्या बकलात ती बहुधा लांब बाजूंच्या मध्यावर असतात, म्हणजे आस आखूड अंगाने जाते. गुडघ्याशी तुमानीचा पट्टा आवळायला लावत त्या बकलात बहुधा उलटं: भोकं आखूड बाजूंना, आस लांब अंगाने.

वाक आहे का? बक्कल सपाट टेबलावर पालथं न घालता जसं बसेल तसं ठेवा आणि बाजूने बघा. पायाच्या उंचवट्यावर बसायचं म्हणून अठराव्या शतकातलं बुटाचं बक्कल कमानीसारखं वाकलेलं असतं. गुडघ्याचं बक्कल लहान, साधारण 30 ते 40 मिलिमीटर, आणि चपटं असतं.

अरुंद, उभट चौकट आणि चेपवर ओळीने तीन-चार लहान गुंड्या असतील तर ते गळपट्ट्याचं बक्कल, मानेमागे लावत.

आणि मधली दांडी चौकटीबरोबरच एकाच ओतात ओतलेली असेल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन कड्यांची वस्तू असेल, तर ती या लेखातली नव्हे. ती पट्ट्याची किंवा लगामाची, बरेचदा सोळाव्या किंवा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. त्याहून लहान, बोटाच्या पेरात मावणारं गोल बक्कल मध्ययुगीन बुटाचं असू शकतं. ते दुर्मीळ आहे. सरळ अधिकाऱ्याला दाखवा.

चेपवरून काळ

आता बक्कल उलटं करा. चेप शिल्लक असेल तर नशीब थोर.

गुंडीची चेप: छोट्या पट्टीला भूछत्रासारखी एक गुंडी. पट्ट्याला काजं पाडून त्यात ही गुंडी अडकवत, सदऱ्याच्या बटणासारखी. ही लहान बकलांत, साधारण सतराव्या शतकाच्या शेवटापासून 1720 च्या आसपासपर्यंत दिसते.

नांगरी चेप: शेताचा नव्हे, जहाजाचा नांगर. पट्टीच्या टोकाला दोन्हीकडे वळलेले हात असतात. ते पट्ट्याच्या चिरेत घालून फिरवले की निघत नाहीत. सुरुवातीच्या छोट्या बुटांच्या बकलांत ही आहे, पण गुडघ्याच्या बकलांत ती अठरावं शतकभर टिकली. म्हणून नांगरी चेप दिसली की काळ सांगण्याआधी भोकांची जागा पुन्हा तपासा.

फासाची चेप: पसरट लोखंडी फास, त्याला आतल्या किंवा शेवटच्या बाजूला एक-दोन बारीक टोकं. ही टोकं पट्ट्यात रुतायची, त्यासाठी काजं लागत नसे. तिच्या जोडीला काटा येतो तो दोन दातांचा, शेतातल्या दाताळ्यासारखा. इंग्रजीतही त्याला दाताळ्याचंच नाव आहे. ही जोडी सुमारे 1720 पासून शेवटापर्यंत चालली. तुम्हाला सापडणाऱ्या बकलांपैकी बहुतेकांना मुळात हीच चेप होती.

स्प्रिंगवाली चेप: 1780 नंतर पेटंटांची लाट आली. खटक्याने उघडणाऱ्या, बिजागरीच्या, पट्ट्याला टोचाव्या न लागणाऱ्या पकडी निघाल्या. मागच्या बाजूला पेटंट हा शब्द इंग्रजीत कोरलेला असेल तर तुम्ही त्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत आहात.

चेप नसेल तेव्हा

दहापैकी नऊ वेळा ती नसतेच. गंजून गेलेली असते, आणि चौकटही अर्धीच उरलेली असते. नांगराचा फाळ लागला की चौकट आसेच्या भोकापाशीच तुटते, कारण तिथे धातूची भिंत सर्वांत पातळ. ही मोडण्याची जागाच तुमच्या उपयोगाची आहे. तुटलेल्या टोकांवर भिंग धरा. अर्धगोल खोबण दिसली आणि तिच्यात नारिंगी गंजाचा डाग असला, तर लोखंडी आस होती आणि ही अर्धी चौकट आहे हे नक्की. भोकं लांब बाजूच्या मध्यावर असल्यामुळे, खोबणीच्या मध्यापासून शाबूत टोकापर्यंतचं अंतर मोजून दुप्पट केलं की मूळ लांबी मिळते. वाकलेल्या चौकटीत हे अंतर सरळ रेषेत मोजायचं, वाकावरून दोरा फिरवून नव्हे.

व्हर्नियर कॅलिपरने लांबी, रुंदी, चौकटीच्या कडेची रुंदी आणि जाडी मोजा, 0.1 मिलिमीटरपर्यंत. वाकाची उंची मोजायला बक्कल सपाट काचेवर ठेवा, मधोमध सर्वांत उंच जागेचं काचेपासूनचं अंतर घ्या. वजन 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या वजनकाट्यावर.

आता आकडे वाचायचे. लांबी साधारण 20 ते 35 मिलिमीटर, वाक नाही किंवा नावापुरता, अंडाकृती किंवा चौकोनी बारीक चौकट: सुमारे 1660 ते 1720. सॅम्युअल पीप्स या लंडनच्या सरकारी नोकराने 22 जानेवारी 1660 च्या रोजनिशीत त्या दिवशी बुटांना बकलं लावायला सुरुवात केल्याचं लिहिलंय. त्या काळचे पट्टे चिंचोळे होते, म्हणून बकलंही चिमुकली.

35 ते 60 मिलिमीटर, स्पष्ट वाक, गोलसर कोपऱ्यांचा आयत, कडेवर ओतलेली पानंफुलं, शंख, वळ्या: साधारण 1720 ते 1770. हा सर्वांत मोठा आणि सर्वांत चिवट गट. याच्या आत आणखी नेमकं सांगायचा मोह आवरा. वळणावळणाची, दोन बाजू सारख्या नसलेली नक्षी 1730 नंतरची म्हणता येते, पण साधी चौकट ही सगळी पन्नास वर्षं बनत होती, गरिबाच्या बुटाला फॅशन उशिराच पोहोचते.

60 मिलिमीटरच्या पुढे, खोल कमान, पातळ कड, जाळीदार काम, मण्यांच्या ओळी, लंबगोल किंवा चौरस: 1770 ते 1790 चं दशक. यातल्या सर्वांत अवाढव्य प्रकाराला आर्त्वा बक्कल म्हणतात, फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ कौंट द'आर्त्वा याच्या नावावरून. हाच पुढे दहावा चार्ल्स म्हणून गादीवर आला. ही बकलं पायाच्या एका अंगापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचत. एवढ्या पातळ आणि रुंद वस्तू शेतात शाबूत राहत नाहीत, म्हणून यांचे चार-पाच सेंटिमीटरचे वाकडे पट्टेच मिळतात आणि लोक त्यांना फर्निचरचा साज समजतात. पट्टीच्या मागे पोकळी आणि एका कडेला भोक दिसलं की ते बक्कल.

लहान आकाराला एक अपवाद कायम ध्यानात असू द्या. मुलांचे बूटही होते. 1770 च्या पद्धतीचं मणीकाम आणि खोल वाक, पण लांबी 35 मिलिमीटर, असं काही निघालं तर ते 1680 चं नव्हे, लहान मुलाचं आहे. आकार आणि वाक यांचं पटत नसेल तर वाकावर विश्वास ठेवा.

धातू आणि ठसे

बहुतेक चौकटी पितळेच्या किंवा तत्सम तांबेमिश्रित धातूच्या, वाळूच्या साच्यात ओतलेल्या. पुष्कळांवर कथलाचा किंवा चांदीचा मुलामा असे. कोपऱ्यांत, नक्षीच्या खळग्यांत पांढरट चकाकी उरली असेल तर ती पुसू नका. शिशा-कथलाची बकलं स्वस्त आणि मऊ, करड्या रंगाची, सहज वाकणारी. सोन्यासारखी पिवळी झाक असलेला पिंचबेक हा तांब्या-जस्ताचा मिश्रधातू लंडनचा घड्याळजी ख्रिस्तोफर पिंचबेक याच्या नावाचा. हा गृहस्थ 1732 मध्ये वारला, पण धातूचा वापर त्याच्यानंतरही चालू राहिला, म्हणून नुसत्या धातूवरून त्याच्या हयातीतली तारीख देऊ नका.

तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून लाटण्याची शेफिल्ड प्लेटची युक्ती 1740 च्या दशकातली. बकलांत ती पुढे मोठ्या प्रमाणात आली, आणि तुटलेल्या कडेवर ती उघडी पडते: वर चांदीचा पातळ थर, आत तांबूस गाभा. असा थर दिसला तर वजनाने 10 टक्के चांदी असण्याची शक्यता कमी, आणि काळही 300 वर्षांच्या अलीकडचा.

अस्सल चांदी आहे का हे कानशीने घासून बघू नका. पाण्यात तोला. वजनकाट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. बक्कल बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, वाटीला कुठेही लागू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. आता वजनकाट्यावर जो आकडा येईल त्याने कोरडं वजन भागा. कोरडं 16.50 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 1.60 आला तर भागाकार 10.3, म्हणजे स्टर्लिंग (92.5 टक्के शुद्ध) चांदीच्या जवळ. आकडा 1.94 आला तर भागाकार 8.5, म्हणजे पितळ. चेप, गंज किंवा माती चिकटलेली असेल तर हा हिशेब खोटा ठरतो, आणि लोखंड असलेली वस्तू पाण्यात घालूच नये.

चांदीवरचे ठसे चौकटीच्या मागे, बहुधा आसेच्या भोकाजवळ शोधा. पूर्ण ठसे असतीलच असं नाही. फक्त कारागिराची आद्याक्षरं, कधी दोनदा उमटवलेली, एवढंच पुष्कळदा मिळतं. चालता सिंह असेल तर इंग्लंडातली स्टर्लिंग चांदी. बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर आणि शेफिल्डचा मुकुट हे ठसे 1773 पासूनचे. राजाच्या डोक्याचा ठसा हा चांदीवरचा कर भरल्याची खूण, तो 1784 च्या डिसेंबरपासून. तो दिसला की त्याआधीचा काळ बाद. लंडनच्या हेस्टर बेटमन या बाईंचा वळणदार अक्षरांतला एचबी ठसा 1761 ला नोंदला गेला. तो बकलांवरही येतो आणि किंमत वाढते, म्हणून बाजारात खोटाही येतो. शेतातून स्वतः काढलेल्या वस्तूला ती भीती नाही.

फसवणारी बकलं

1790 च्या दशकात बुटांना नाड्या आल्या. बर्मिंगहॅम, वॉल्सॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या बक्कलवाल्यांनी 1791 मध्ये राजपुत्राकडे (प्रिन्स ऑफ वेल्स) अर्ज केला, आमचे हजारो लोक उपाशी मरताहेत, आपण बकलं वापरा म्हणजे लोक वापरतील. राजपुत्राने ऐकलं, लोकांनी ऐकलं नाही. पण दरबारी पोशाखात बकलं राहिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायकांच्या बुटांवर शोभेसाठी परत आली. ही पुनरागमनाची बकलं नवख्याला हमखास चकवतात.

ओळख अशी. ती ओतीव नसून पातळ पत्र्यातून छापलेली असतात, मागची बाजू पुढच्या नक्षीचा उलटा साचा असते. आसेची भोकं नसतात. त्याऐवजी शिवायला मागे आडवी दांडी किंवा कोपऱ्यात डोळे असतात. इंग्रजीत फ्रान्सचं नाव किंवा डिझाइनच्या नोंदणी क्रमांकाची खूण असेल तर ती नक्कीच उशिराची. सलग नोंदणी क्रमांकाची पद्धतच 1884 ची आहे. पैलूदार पोलादी मणी बारीक खिळ्यांनी बसवलेले असतील तर दोन्ही काळ शक्य आहेत, तेव्हा पुन्हा मागची भोकं बघायची.

काळ कसा लिहायचा

एकच साल कधीही लिहू नका. समजा, अर्धी पितळी चौकट आहे. खोबणीपासून टोकापर्यंत 26 मिलिमीटर, म्हणजे मूळ लांबी 52. वाक 9 मिलिमीटर. खोबणीत गंज, कडेवर दोन्ही बाजूंना सारखी पानं, खळग्यात पांढरा मुलामा. आकार मधल्या गटातला, वाक चांगला स्पष्ट, मणीकाम नाही. नोंद होईल: 'बुटाचं बक्कल, अपूर्ण, तांबेमिश्रित धातू, मुलामा, सुमारे 1720 ते 1770'. यात नक्षीवरून 1740 वगैरे घुसडलंत तर जाणकार हसेल. आणि हा काळ घडवण्याचा आहे, हरवण्याचा नव्हे. बकलं बुटांपेक्षा जास्त जगत, म्हणून 1750 चं बक्कल 1780 ला चिखलात पडलेलं असू शकतं.

फोटो पाच घ्या: पुढून, मागून, दोन्ही कडांनी, आणि तुटलेल्या जागेचा जवळून. प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी. प्रकाश एका बाजूने, तिरपा. वरून फ्लॅश मारला की ठसे नाहीसे होतात. अठराव्या शतकातलं साधं, तुटकं बक्कल अधिकारी नोंदवून घेतीलच असं नाही, त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो आणि 300 वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना पहिला मान मिळतो. तरी विचारा, आणि स्वतःची वही मात्र चुकवू नका.

धुणं आणि ठेवणं

पितळ दिसलं की मराठी हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. देवघरातल्या समईला ते ठीक, इथे नको. आम्लाने हिरवा-तपकिरी थर जातो, त्याबरोबर मुलामा आणि ठशांच्या कडाही जातात, आणि हे परत आणता येत नाही. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, तारेचा ब्रश हे सगळं त्याच यादीत.

लोखंड नसलेली पितळी चौकट डिस्टिल्ड पाण्यात थोडा वेळ भिजवा, मऊ टूथब्रशने माती सोडवा, नक्षीतला गाळ बांबूच्या टोकदार काडीने काढा, दोन दिवस सावलीत वाळवा. लोखंडी चेप, काचेचे खडे किंवा मुलामा असेल तर पाणी वर्ज्य. माती वाळू द्या आणि कोरड्या ब्रशने कणाकणाने काढा. खड्यांच्या मागे चांदीचा वर्ख असतो, त्याला ओल लागली की खडा कायमचा काळा पडतो.

काही महिन्यांनी पितळेवर फिकट हिरवी भुकटी उमलली, बोटाला लागली, तर तो क्षारांमुळे लागलेला धातूचा रोग आहे. ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, आणि संवर्धकाला दाखवा. लाकडी खोकी, विशेषतः ओकची, टाळा. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्ली वाफेने शिशाची बकलं पांढरी होऊन भुगा होतात. भोकं पाडलेल्या पॉलिथिनच्या छोट्या पिशव्या, खाली फोमचा तुकडा, आत कागदाची चिठ्ठी: अनुक्रमांक, तारीख, शेताची खूण, दहा अंकी संदर्भ. तोच अनुक्रमांक वहीत आणि फोटोच्या नावात.

आणि पुढेमागे ही पिशवी घेऊन पुण्याला किंवा नाशिकला घरी परतायचा विचार असेल, तर ब्रिटनच्या मातीतून निघालेल्या 50 वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूला, ती कितीही कमी किमतीची असली तरी, देशाबाहेर नेण्यासाठी निर्यात परवाना लागतो. अर्ज विमानाचं तिकीट काढण्याआधी करा.